आयर्लंडमधली रिकामी चर्चं : माणसाची श्रद्धा नेमकी कशानं जाते?

लिफीकाठ

धर्मावरची श्रद्धा कमी का होते, याला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. शिक्षण वाढलं, विज्ञान आलं, लोक विचार करायला लागले. मी राहते त्या आयर्लंडला हे उत्तर लागू पडत नाही, असं माझं ठाम मत झालंय. मी डब्लिनजवळच्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. आमचे बहुतेक रहिवासी ऐंशी-नव्वदीचे आहेत. हा देश त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला, आणि का बदलला हे ते आडपडदा न ठेवता सांगतात. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७९च्या सप्टेंबरअखेरीस पोप जॉन पॉल दुसरे इथे आले. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये त्यांच्या मासला, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेला, साडेबारा लाख माणसं आली होती असा अंदाज आहे. तेव्हा देशाची लोकसंख्या चौतीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं धरूनही, तीनातलं एक माणूस त्या मैदानात होतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस त्याच मैदानात आले. पाच लाख तिकिटं आधीच संपली होती. प्रत्यक्ष आलेल्यांचा सरकारी अंदाज दीड लाखाचा.

मधल्या चाळीस वर्षांत काय घडलं हे कळायला त्याआधी चर्चचा हात कुठवर पोचला होता ते पाहायला हवं. १९३७च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलेलं होतं, ते १९७२च्या सार्वमतानं काढलं. घटस्फोटाला घटनेतच बंदी होती. ती उठवण्यासाठी १९८६ला सार्वमत झालं, त्यात नकार आला. १९९५ला पुन्हा झालं तेव्हा होकार ५०.२८ टक्के, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास मतांचा फरक. गर्भनिरोधकं विकणं १९३५पासून गुन्हा होता. १९७१ला डब्लिनच्या काही बायका आगगाडीनं ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला गेल्या, कारण तिथे ही बंदी नव्हती. तिथून ती साधनं घेऊन आल्या आणि डब्लिनच्या कॉनोली स्टेशनवर कस्टमच्या लोकांसमोर त्यांनी ती उघड दाखवली. आमच्याकडच्या एक आजी अजून त्या बायकांची नावं अभिमानानं घेतात. शाळा चर्चच्या, बरीचशी इस्पितळं नन्सची. लग्न, बाळंतपण, मरण, सगळ्याला धर्मगुरू लागायचा.

मग एकेक गोष्ट बाहेर येत गेली. १९९२ला गॉलवेचे बिशप इमन केसी यांना एक मुलगा असल्याचं उघड झालं. पोप १९७९ला गॉलवेत आले तेव्हा तरुणांच्या त्या मेळाव्यात आधी हेच व्यासपीठावरून सगळ्यांना उत्साहात आणत होते. मूल होणं हे काही पाप नव्हे, असं आज इथे कोणीही म्हणेल. पण अविवाहित मुलींना त्याच कारणासाठी घराबाहेर काढलं गेलं होतं, आणि तसं करायला व्यासपीठावरून शिकवणारे हे होते. १९९४ला ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूचं प्रकरण आलं. त्यानं कित्येक वर्षं लहान मुलांवर अत्याचार केले होते. त्याला उत्तर आयर्लंडच्या हवाली करण्यात झालेल्या दिरंगाईवरून वाद पेटला आणि त्यात पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांचं सरकार पडलं. २००९मध्ये एकाच वर्षात दोन अहवाल आले. एक होता धर्मसंघांनी चालवलेल्या सुधारशाळांमध्ये मुलांचं काय झालं याचा. दुसरा होता डब्लिनच्या धर्मप्रांतानं तक्रारी कशा दाबून ठेवल्या याचा. मॅग्डलेन धुलाईगृहं, जिथे ‘वाट चुकलेल्या’ ठरवलेल्या मुलींकडून पगाराविना कपडे धुऊन घेतले जायचे, त्यातलं शेवटचं बंद झालं १९९६ला. तुम्ही-आम्ही शाळा-कॉलेजात होतो तेव्हा ते चालू होतं.

आणि ट्यूम. गॉलवे परगण्यातलं छोटं गाव. तिथे नन्सनी अविवाहित मातांसाठी चालवलेल्या माता-बालगृहात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुलं दगावली आणि त्यांच्या दफनाची नोंदच सापडत नाही, हे शोधून काढलं कॅथरिन कॉर्लेस या बाईंनी. त्या कुठल्या विद्यापीठातल्या प्राध्यापक नव्हेत, गावच्या इतिहासाची आवड असलेल्या गृहिणी. मृत्यूचे दाखले त्यांनी एकेक करून मिळवले. २०१७ला चौकशी आयोगानं तिथे जमिनीखाली मुलांचे अवशेष असल्याचं सांगितलं.

आता माझा मुद्दा. आमच्या वृद्धाश्रमातल्या एकाही आजी-आजोबांनी मला डार्विनचं नाव घेऊन सांगितलेलं नाही की देव नाही. ते सांगतात, आमच्या गल्लीतली अमुक मुलगी एक दिवस दिसेनाशी झाली, सगळ्यांना माहीत होतं ती कुठे गेली, आणि आम्ही कोणी विचारलं नाही. चर्चला जाणं त्यांनी त्यानंतर सोडलं, काहींनी तर पन्नाशी-साठी उलटल्यावर. कुठलाही वाद ते हरले नव्हते. ज्यांच्या हातून त्यांना देव मिळाला त्या हातांवरचा भरवसा उडाला होता.

आकडे पाहिले तर क्रमही कळतो. १९७०च्या दशकात दहातले नऊ कॅथलिक दर रविवारी मासला जायचे. आधी ते थांबलं. मग धर्मगुरू व्हायला मुलं मिळेनाशी झाली. स्वतःला कॅथलिक म्हणवणं मात्र सगळ्यात शेवटी सुटतंय. जनगणनेत १९६१ला कॅथलिक जवळजवळ ९५ टक्के, १९९१ला ९१च्या वर, २०११ला ८४, २०१६ला ७८, २०२२ला ६९. ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिणारे आता सात लाखांच्या वर आहेत.

तुमच्या घरात, गावात काय पाहिलंत ते लिहा. देवळातली गर्दी वाढली का घटली हे नेहमी बोललं जातं. त्यापेक्षा घरातल्या मोठ्या माणसांनी एखादं व्रत, एखादी चाल कधी आणि का सोडली, हे वाचायला मला जास्त आवडेल.

कृष्णाकाठ

लेख आवडला. पण भारतात असं काही होताना दिसत नाही हेही नोंदवतो. प्यू या अमेरिकी संस्थेनं २०१९-२० मध्ये भारतात तीस हजारांच्या आसपास लोकांची पाहणी केली होती. त्यात ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. आमच्या सांगलीकडे तर मोबाइल आल्यापासून देवस्थानं जास्तच भरतायत. तंत्रज्ञानानं श्रद्धा आटते हे खरं नाही, इतपत तुमच्याशी सहमत.

युट्रेख्टहून

मला तुमचं निदान अर्धंच पटतंय. मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे चर्चं ओस पडायला लागली १९६०च्या दशकात. चर्चमधल्या अत्याचारांबद्दलच्या चौकशी आयोगाचा मोठा अहवाल आला २०११च्या डिसेंबरात. म्हणजे माणसं आधी गेली, प्रकरणं नंतर बाहेर आली. तुमच्या कारणानं हा देश समजत नाही.

इथे जुन्या पिढीत समाजाचे उभे कप्पे होते. कॅथलिक मूल कॅथलिक शाळेत जायचं, घरी कॅथलिक वर्तमानपत्र, रेडिओवर कॅथलिक केंद्र, बाप कॅथलिक कामगार संघटनेत, रविवारी फुटबॉलसुद्धा कॅथलिक क्लबात. प्रोटेस्टंटांचं तसंच, समाजवाद्यांचंही तसंच. शेजारच्या प्रोटेस्टंट बेकरीतून पाव न घेणारी घरं होती. १९५४ला बिशपांनी पत्रक काढून कॅथलिकांना बजावलं की समाजवादी संघटनेचं सभासद व्हाल तर चर्चचे धार्मिक संस्कार मिळणार नाहीत.

हे कप्पे ढासळले कसे? सरकारनं म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायला सुरुवात केली, १९५७पासून. विधवेला, बेकाराला, आजाऱ्याला धर्मगुरूच्या दारात जायची गरज उरली नाही. घरात टीव्ही आला आणि पलीकडच्या कप्प्यातली माणसं पहिल्यांदा घरात बोलताना दिसली. १९६३ला बेकर्स नावाच्या बिशपांनी टीव्हीवरच सांगितलं की किती मुलं होऊ द्यायची हे नवरा-बायकोच्या विवेकावर आहे. लोकांना हायसं वाटलं. पाच वर्षांनी रोमहून त्याच्या उलट आदेश आला, तोवर लोक आपापलं ठरवून मोकळे झाले होते. २०१७पासून इथे निम्म्याहून जास्त लोक कुठल्याच धर्माचे नाहीत. मास्ट्रिख्टला तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचं दुकान आहे, फार देखणं. कुणाला त्याचा राग नाही, दुःखही नाही.

तेव्हा माझ्या मते मूळ कारण सुरक्षितता. पोटाची, म्हातारपणाची, आजारपणाची. ती आली की धर्माची निकड कमी होते.

लिफीकाठ

@युट्रेख्टहून, फार मोलाचं लिहिलंत. सुबत्तेचा भाग आयर्लंडमध्येही आहेच. १९६७पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं. लग्न झालं की सरकारी नोकरी सोडावी लागण्याचा नियम १९७३ला गेला. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या, पैसा आला. हे सगळं माझ्या आजी-आजोबांच्या बोलण्यातही येतं.

पण तुम्हीच शेवटी लिहिलंत ते बघा: राग नाही, दुःखही नाही. इथे दोन्ही आहेत. सुबत्तेनं माणूस चर्चपासून हळूहळू दूर होतो, सणासुदीला जातो, लग्न तिथे लावतो, फारसा विचार करत नाही. आमच्याकडचे एक आजोबा मात्र चर्चच्या गाडीचा आवाज आला तरी खोलीचं दार लावून घेतात. उशीखाली जपमाळ असते. रात्री ते ती ओढतात, मी पाहिलंय. शुक्रवारी आमच्याकडे मास होतो त्याला ते येत नाहीत, आणि शेवटच्या घडीला धर्मगुरू बोलवायचा नाही असं त्यांनी फायलीत लिहून ठेवायला लावलंय. लहानपणी ते एका सुधारशाळेत होते. यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आता या माणसाची श्रद्धा गेली म्हणायची का राहिली? जनगणनेच्या कागदावर त्यांनी काय लिहिलं असेल, मला सांगता येणार नाही. ‘घट’ म्हणून आपण जे मोजतो त्यात अशी माणसं किती असतील, याचा विचार मी पुष्कळदा करते.

दर्याकाठची लेक

पहिल्यांदाच लिहितेय. मी वसईची, सामवेदी ख्रिस्ती. धागा वाचून गलबलून आलं, कारण माझी मावशी धर्मभगिनी आहे आणि आयर्लंडमधल्या या बातम्या तिनं आमच्याआधी वाचल्या होत्या. ती बरेच दिवस कुणाशी बोलली नव्हती.

आमच्याकडे अजून रविवारच्या मिस्सेला (मासला आम्ही मिस्सा म्हणतो) उशीर झाला तर बाहेर उभं राहावं लागतं. संध्याकाळी घराघरात जपमाळ होते, मराठीत. हे टिकलं कशानं, तर माझ्या मते आमचे धर्मगुरू आमच्यातलेच आहेत. त्यांची भाषा आमची, त्यांचे भाऊ केळीच्या वाडीत राबणारे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो सगळ्यांना माहीत आहेत ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. आमच्या घरातल्या मोठ्यांना ते आठवतात ‘हरित वसई’च्या चळवळीतले. वसईचं पाणी आणि जमीन वाचवायला ते रस्त्यावर उतरले, हिंदू-ख्रिस्ती दोघांना सोबत घेऊन, आणि तेव्हा बिल्डरांच्या विरोधात बोलणं किती धोक्याचं होतं हे त्या काळातल्या माणसांना विचारा. माझे वडील फारसे देवभोळे नव्हते. त्या चळवळीनंतर ते नियमानं मिस्सेला जायला लागले. म्हणजे लिफीकाठताई म्हणतात त्याची दुसरी बाजू. भरवसा बसला की श्रद्धा वाढतेही.

तरी सगळं छान आहे असं म्हणणार नाही. घरात एकच मुलगा, मग सेमिनरीत, धर्मगुरू व्हायच्या शिक्षणाला, कोण पाठवणार? मुलं इस्राएल, कॅनडा, आखातात गेली. धर्मशिक्षणाचे वर्ग होतात, पण आजी घरात नसली तर घरी प्रार्थना कोण घेणार? आमच्याकडे श्रद्धा आजीकडून नातवंडाकडे जात होती. आता आजी गावात आणि नातवंडं टाउनशिपमध्ये. पुढच्या वीस वर्षांत काय होईल याची मला मनापासून काळजी वाटते.

बेळगावची

आयर्लंडचा विषय निघाला आणि सविताचं नाव आलं नाही म्हणून लिहिते. सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची. दातांची डॉक्टर, वय ३१. २०१२च्या ऑक्टोबरात गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे कळलं. तिनं गर्भपात करा म्हणून सांगितलं. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर करता येत नाही असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असं तिला सांगितलं गेलं. तसं आपण म्हटल्याचं एका दाईनं पुढे चौकशीत मान्य केलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली.

१९८३ला आयर्लंडनं घटनेत गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी दुरुस्ती केली तेव्हा सुमारे ६७ टक्के लोक तिच्या बाजूनं होते. २०१८च्या २५ मे रोजी ती काढून टाकायला ६६.४ टक्क्यांनी कौल दिला. पस्तीस वर्षांत पारडं पूर्ण फिरलं. त्या मतदानाआधी सविताच्या आई-वडिलांनी बेळगावहून आयरिश लोकांना ‘हो’ म्हणा अशी विनंती केली होती. निकालाच्या दिवशी डब्लिनमध्ये भिंतीवर काढलेल्या तिच्या चित्राखाली लोक फुलं आणि चिठ्ठ्या लावत होते, ते फोटो आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या फोनवर आले होते.

मला विचाराल तर त्या लोकांनी देव नाकारला नाही. एका बाईचा जीव वाचवण्याआधी नियमाचं पुस्तक उघडायला लावणारी व्यवस्था त्यांनी नाकारली.

चंद्रभागा_७३

मी पंढरपूरचा, वारकरी घरातला. वरचं सगळं शांतपणे वाचलं.

आमच्या इथेही देव काही घराण्यांच्या ताब्यात होता. बडवे आणि उत्पात. भाविकांच्या तक्रारी पिढ्यान् पिढ्यांच्या होत्या. मंदिर सरकारनं ताब्यात घ्यावं म्हणून १९७३ला कायदा झाला आणि कोर्टकज्जे संपून सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला २०१४च्या जानेवारीत. एक्केचाळीस वर्षं! त्याआधी १९४७ला साने गुरुजींना अस्पृश्यांसाठी मंदिराचं दार उघडावं म्हणून उपोषण करावं लागलं होतं. स्वातंत्र्य दारात आलेलं होतं आणि विठोबाचं दार बंद होतं.

तरीही त्यामुळे वारी कमी झाली नाही. आयर्लंडसारखं का झालं नाही, तर वारकऱ्याचा देव बडव्यांच्या हातून आलेलाच नव्हता. तो दिंडीतून आला, गळ्यातल्या माळेतून, गावच्या देवळातल्या रात्रीच्या भजनातून. लाखो माणसं पायी येतात, त्यांतली कितीतरी कळसाचं दर्शन घेऊन परततात. गाभाऱ्यात कोण बसलंय यानं त्यांचं अडत नाही. चोखोबांना आत घेतलं नाही, पण त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे आणि वारकरी आधी तिथे डोकं टेकवतो. आयर्लंडमध्ये देवाकडे जायला एकच दार होतं, त्याचा उंबरा रक्तानं माखला आणि लोक परत फिरले. आमच्याकडे वाटा पुष्कळ आहेत.

रेवा

चंद्रभागादादा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. पुष्कळ वाटा होत्या हे सगळ्यांसाठी खरं नव्हतं.

श्रद्धास्थानानं दार लावल्यामुळे लाखो माणसांनी धर्म सोडल्याचं फार मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे आणि इतक्या प्रतिसादांत ते कुणी लिहिलं नाही, याचं वाईट वाटलं. १९३०च्या २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षं चालला. माणसं मार खात राहिली, दार उघडलं नाही. १९३५च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पाठोपाठ लाखो लोकांनी घेतली. माझी पणजी त्यांत होती. घरातले देव तिनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले, असं आजी सांगायची. त्यातला एक टाक तिच्या आईनं माहेरून दिलेला होता. सोपं नव्हतं ते.

लिफीकाठताईंच्या मुद्द्याला यातून बळ मिळतं असं मला वाटतं. एकवीस वर्षं विचार करून घेतलेला तो निर्णय होता. बाबासाहेबांपुढे विज्ञान होतं, पाश्चात्त्य शिक्षण होतं, नास्तिक होणं त्यांना मुळीच अवघड नव्हतं. त्यांनी धर्म सोडून धम्म घेतला, कारण माणसाला माणूस म्हणवून घेणारी शिकवण लागते असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या वस्तीत आजही बुद्धवंदना होते, विहारात मुलांचे वर्ग चालतात. जनगणनेत मोजायचं तर ही ‘हिंदूंमधली घट’. आमच्या घराच्या दृष्टीनं ती सुरुवात होती.

चंद्रभागा_७३

रेवाताई, तुमचं म्हणणं मान्य. काळारामाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला वारीची वाट दाखवणं हे त्या वेळी पुरेसं उत्तर नव्हतंच. तुमच्या पणजींच्या टाकाची गोष्ट आमच्या दिंडीतल्या मंडळींना सांगेन, तुमची हरकत नसेल तर.

रेवा

जरूर सांगा.

युट्रेख्टहून

रेवा यांच्या प्रतिसादानंतर माझ्या मनात एक फरक स्पष्ट झाला. डच माणसानं धर्म सोडला तेव्हा त्या जागी काही आणायची त्याला गरज वाटली नाही, कारण पेन्शन, दवाखाना, शाळा सगळं शासनानं आणलं होतं. जिथे जगण्याचीच हमी नाही तिथे माणूस श्रद्धा टाकून मोकळा राहू शकत नाही, त्याला दुसरा आधार आणि दुसरा समाज उभारावा लागतो. कृष्णाकाठ यांच्या ९७ टक्क्यांचा अर्थही मला असाच लागतो. आपल्याकडे आजारपणात घर विकावं लागतं. ज्याला घर विकावं लागतं तो नवस बोलणारच, आणि त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क पेन्शनवाल्या देशात राहणाऱ्या मला तरी नाही.

लिफीकाठ

रेवा, तुम्ही लिहिलंत म्हणून या धाग्याचं चीज झालं.

एक गोष्ट राहिली होती ती लिहिते. आयर्लंडमध्ये सगळंच संपलंय असं कुणी समजू नये. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रो पॅट्रिक नावाच्या डोंगरावर हजारो लोक चढतात, काही अनवाणी, टोकदार दगडांवरून. त्यांत मासला वर्षानुवर्षं न गेलेली माणसं पुष्कळ असतात. २०२३पासून संत ब्रिजिडच्या नावानं फेब्रुवारीत सरकारी सुट्टी मिळते. ब्रिजिड ख्रिस्ती संत, आणि त्याच नावाची देवी इथे ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून पुजली जायची. तरुण मुली तिच्या नावानं गवताचे क्रॉस विणतात. सरकारी वाहिनीवर संध्याकाळी सहाला प्रार्थनेची घंटा अजून वाजते. चर्चला बांधून नसलेलं बरंच काही जिवंत आहे. आणि केरळच्या नर्सेसनी इथली कितीतरी चर्चं पुन्हा भरली आहेत. माझ्या पाळीतल्या मैत्रिणी रात्रपाळी करून सरळ मासला जातात. पाय दुखत असतात तरी जातात.

वाईट कशाचं वाटतं सांगू? चर्चनं जे वाईट केलं त्याबरोबर एक चांगली गोष्टही गेली. पूर्वी गावात कुणी गेलं की दोन रात्री घर माणसांनी भरलेलं असायचं, महिन्यानं पुन्हा सगळे जमायचे. शहरात आता हे विरळ झालंय. धर्मगुरू नको म्हणणाऱ्यांसाठी मानवतावादी संघटनेची माणसं अंत्यविधी करतात, छान करतात, लग्नंही २०१३पासून कायदेशीर लावतात. पण विधी झाल्यावर चौथ्या दिवशी घरी कोण येणार, याची सोय अजून कुणी केलेली नाही. आमच्याकडच्या काही रहिवाशांना महिनोन्महिने भेटायला कुणी येत नाही. पूर्वी निदान धर्मगुरू येऊन बसायचा.

कॉर्कची_आई

विषयाला धरून आहे म्हणून इथेच विचारते. मुलगी सप्टेंबरात दुसरीत जाईल, शाळा कॅथलिक. त्या वर्षी सगळ्या वर्गाची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेण्याच्या विधीची, तयारी चालते. पांढरे झगे, पार्ट्या, पाकिटं. ती आत्तापासूनच ‘मलाही झगा हवा’ म्हणतेय. आम्ही घरी गणपती बसवतो, बाकी फार कर्मठ नाही. तिला वर्गात बसू द्यावं का वेगळं बसवावं? इथल्या आयरिश शेजारणीनं सांगितलं, आमचाही विश्वास नाही तरी करतोच, सगळे करतात म्हणून. मला हे पटत नाहीये.

लिफीकाठ

कॉर्कताई, तुम्हाला पटत नाहीये तेच बरोबर आहे, असं माझं मत. जे मानत नाही ते मुलाकडून देवासमोर वदवून घेऊ नये. इथली निम्मी अश्रद्धा तशाच घरांतून आलीय, जिथे आई-वडील एक मानत होते आणि मुलाकडून दुसरं म्हणवून घेत होते.

व्यवहाराचं सांगते. इथल्या दहातल्या नऊच्या आसपास प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी घरात येतो. धर्मशिक्षणाला न बसण्याचा मुलांचा हक्क घटनेतच आहे, तुम्हाला कारण द्यायची गरज नाही. शाळेला वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवा आणि त्या वेळात ती काय करणार हे बाईंशी बसून ठरवा, नाहीतर मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसवतात आणि मुलांना ती शिक्षा वाटते. वाचायचं पुस्तक द्या, बाईंना आवडतं. शाळा बदलायचा विचार असेल तर सर्व धर्मांच्या मुलांसाठीच्या ‘एज्युकेट टुगेदर’च्या शाळा आहेत. त्यातली पहिली १९७८ला डॉकीला निघाली, कॉर्कमध्येही आहेत. जागा सहज मिळत नाही, चौकशी लगेच करा. बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश देण्याची सवलत २०१८च्या कायद्यानं कॅथलिक प्राथमिक शाळांना राहिलेली नाही, तेव्हा धाकट्याच्या प्रवेशासाठी कुणी तसं काही सुचवलं तर ऐकू नका.

झग्याचं म्हणाल तर गणपतीत तिला हवा तसा नवा परकर-पोलका शिवा आणि वर्गातल्या मैत्रिणींना आरतीला बोलवा. मे महिन्यात त्या तिला आपल्या पार्टीला बोलावतील. तिथे तिला अगदी जाऊ द्या, फक्त चर्चमध्ये रांगेत उभं राहू नये एवढं आधी नीट समजावून सांगा.